डोक्याशी उभं राहून

मी भूलतज्ज्ञ आहे. साताऱ्यात राहते आणि सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, वाई इथल्या लहान-मोठ्या हॉस्पिटलांत बोलावतील तिथे जाते. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही, ओपीडी नाही, दारावर पाटी नाही. गाडीच्या डिकीत एक बॅग असते. तिच्यात घशात नळी घालताना लागणारा लॅरिंगोस्कोप, नळ्या, औषधं. फोन कायम चार्ज केलेला. "मॅडम, एक सिझर आहे, किती वेळात पोचाल?" एवढं वाक्य कानावर आलं की हातातलं काम जिथे असेल तिथे ठेवून मी निघते. वीस वर्षं असंच चाललंय.

लिहायला लागले ती ठरवून नाही. २०१८ च्या पावसाळ्यात एक सर्जन म्हणाले, "मॅडम, पेशंटच्या हातात द्यायला भुलीबद्दल एक पान मराठीत लिहून द्या ना. तुमचं मराठी चांगलं आहे." दहावीपर्यंत मी मराठी शाळेत शिकले, निबंधाला बक्षिसं मिळवलेली, त्यामुळे मला ते अर्ध्या तासाचं काम वाटलं. रविवारी दुपारी बसले आणि पान लिहून काढलं. त्याची सुरुवात अशी होती: "शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने किमान सहा तास अन्नग्रहण करू नये. बधिरीकरणाचे प्रकार पुढीलप्रमाणे आहेत. रुग्णाच्या प्रकृतीनुसार योग्य त्या पद्धतीची निवड करण्यात येते."

माझ्या सासूबाई छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. मी त्यांना आईच म्हणते. मोतीबिंदूमुळे तेव्हा त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून मी ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. त्या शेंगा सोलत होत्या. हात थांबले नाहीत, पण चेहरा बदलला.

"ही नोटीस आहे गं," त्या म्हणाल्या. "शाळेत वरून यायची तशी. मला कुणी हे दिलं असतं ना, तर मी चहा पिऊनच ऑपरेशनला गेले असते."

"अहो आई, चहा चालत नाही. लिहिलंय की सहा तास."

"पण का चालत नाही?"

मग मी सांगितलं, जसं बोलता बोलता सांगतात तसं. आपण जागे असतो तेव्हा घशाशी एक राखणदार बसलेला असतो. पाण्याचा थेंब चुकून श्वासनळीकडे वळला तर ठसका लागतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. भूल दिली की तो राखणदारही झोपतो. मग पोटातलं वर आलं तर त्याला अडवणारं कुणी नसतं, ते सरळ फुफ्फुसात उतरतं आणि तिथे आग लावतं. नुसतं पाणी पोटातून दोन तासांत पुढे जातं. दूध घातलेला चहा मात्र पोटाच्या हिशेबी जेवणच आहे, त्याला सहा तास लागतात. पुरी-भजी असेल तर आठ.

आईंनी सोललेले दाणे ताटलीत ओतले आणि म्हणाल्या, "हे लिही की मग. राखणदाराचं."

मी ते पान पुन्हा लिहिलं. एका दुपारचं काम होतं ते. पण त्या दुपारी जे हाताला लागलं ते टिकवायला पुढची पाच-सहा वर्षं गेली, आणि सांगण्यासारखं आहे ते त्या वर्षांत.

आधी हे सांगते की माझ्या मराठीला झालं काय होतं. एमबीबीएसला गेल्यापासून मी मराठीत लिहिलेलंच नव्हतं. बोलत होते दिवसभर, पण लिहीत होते ते फक्त केसपेपरवर. "पेशंट कॉन्शस, ओरिएंटेड, एनबीएम सिन्स टेन पीएम." म्हणजे पेशंट शुद्धीवर, भानावर, रात्री दहापासून पोटात काही नाही. भुलीच्या तक्त्यावर दर पाच मिनिटांनी नाडी आणि बीपीची खूण करायची, औषध दिलं की वेळ टाकायची. त्या नोंदीत मी नसतेच, आणि नसावंच. उद्या दुसऱ्या कुणाला तो कागद वाचून निर्णय घ्यायचा असतो. पण वीस वर्षं हातांना अशी सवय लागली, की मराठीत लिहायला घेतलं तेव्हा लेखणीला दोनच वाटा माहीत होत्या, एक तक्त्याची आणि दुसरी शाळेतल्या निबंधाची. दोन्हींत "करण्यात येते." कोण करतं, कुणाला करतं, ते करताना काय वाटतं, याला जागाच नाही.

ते पान दोन-तीन हॉस्पिटलांत वाटलं गेलं. मग इथल्या एका साप्ताहिकाने विचारलं, पंधरा दिवसांतून एकदा असं काही लिहाल का? मी हो म्हटलं. आणि पहिल्याच लेखात परत नोटीस झाली. १६ ऑक्टोबरला जगभर भूल दिन पाळतात, त्यावर लेख होता. १८४६ साली त्या दिवशी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टनने इथर देऊन एका माणसाच्या मानेवरची गाठ काढण्याच्या वेळी भूल दिली आणि पुढच्याच वर्षी एडिंबराच्या सिम्प्सनने बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला, वगैरे. सगळं बरोबर होतं. आईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "इथे तू डॉक्टर झालीस."

हे वाक्य त्यानंतर मी शंभर वेळा तरी ऐकलं असेल. लेख वाचून दाखवायचा, आणि जिथे माझी भाषा ताठ होईल तिथे त्या बोट वर करून एवढंच म्हणायच्या. कधी चार ठिकाणी, कधी चौदा. दुरुस्ती त्यांनी एकदाही सांगितली नाही. मी विचारायचे, "मग काय लिहू?" त्या म्हणायच्या, "पेशंटला काय म्हणतेस ते."

पेशंटला मी काय म्हणते? खरं सांगायचं तर मला ते माहीतच नव्हतं. रोज तोंडातून जे निघतं ते आपल्याला ऐकू येत नाही. म्हणून एक दिवस मुद्दाम स्वतःकडे कान लावला.

मी उभी राहते ती जागा पेशंटच्या डोक्याशी. सर्जन पोटाशी किंवा पायाशी, मी उशाशी. झोपलेल्या माणसाला माझा चेहरा उलटा दिसतो, हनुवटी वर आणि कपाळ खाली, तोही मास्कच्या आड. म्हणजे त्याच्यापाशी माझा फक्त आवाज पोचतो. त्या दिवशी टेबलावर साठीच्या एक आजी होत्या, पित्ताशयाच्या खड्यांसाठी आलेल्या. मी जे बोलले ते केस संपल्यावर आठवेल तसं लिहून काढलं: "आजी, गाव कुठलं? अरे वा, तिकडे आले छान येतं. हा मास्क नाकावर ठेवते, यातून नुसता ऑक्सिजन येतोय. वास प्लास्टिकचा येईल, घाबरायचं नाही. मोठा श्वास. अजून एक. आता हाताला थोडं चुणचुणेल, औषध जातंय. मी इथेच आहे. आजी, नातवंडं किती?" तिसऱ्या नातवाच्या नावावर त्या झोपल्या.

प्रोपोफॉल शिरेत जाताना खरंच चुणचुणतं. ते दुधासारखं पांढरं, झोपवणारं औषध आहे, आणि ते चुणचुणेल हे आधी सांगितलं तर माणूस दचकत नाही. न सांगता दिलं तर हात ओढून घेतो. एवढा फरक एका वाक्याने पडतो.

वहीत उतरवलेल्या त्या ओळी मी कितीतरी वेळा वाचल्या. लहान लहान वाक्यं. प्रत्येक वाक्यात एकच गोष्ट. न कळणारा एकही शब्द नाही. पुढे काय होणार ते आधी सांगितलेलं. आणि "मी" आहे, "आजी" आहेत. घाबरलेल्या माणसाच्या ध्यानात राहील एवढंच त्यात होतं. हा आवाज मला आयता मिळालेला होता, वीस वर्षं वापरून घासून गुळगुळीत झालेला. मी तो ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दारात चपलांबरोबर काढून ठेवत होते आणि लिहायला बसताना दुसराच कुणाचा तरी घालत होते.

त्यानंतर मी एक केलं. लिहायला घेण्याआधी एक माणूस डोळ्यांपुढे आणायचा, उद्या सकाळी आठला ज्याचं ऑपरेशन आहे आणि आज रात्री ज्याला झोप लागत नाहीये. त्याला सांगायचं. ज्या माहितीचं त्याला या रात्री काही होणार नाही, ती माहिती गाळायची. मॉर्टनचा लेख मी परत लिहिला तेव्हा बॉस्टन दोन ओळींत आटोपलं आणि बाकी लेख त्या आधीच्या काळावर गेला, जेव्हा चार माणसं धरून ठेवायची आणि सर्जनची कीर्ती त्याचे हात किती झटपट चालतात त्यावर ठरायची. उद्याच्या पेशंटला त्याच्यात धीर आहे.

शब्दांचाही प्रश्न होता. सरकारी मेडिकल कॉलेजात आमच्या विभागाची पाटी "बधिरीकरणशास्त्र" अशी असते. कोशांत संवेदनाहरण, शुद्धिहरण असे नेमके शब्द आहेत, आणि ते घडवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. वाईला केसला जाताना विश्वकोशाचं गाव म्हणून मन आपोआप नम्र होतं. पण माणसं म्हणतात भूल. भूल देतात, भूल चढते, भूल उतरते. ताप चढतो-उतरतो, विष चढतं-उतरतं, तशीच भूल. रानात वाट चुकली की भूल पडली म्हणतात. ज्या भाषेत चूक, मोहिनी आणि वेदनेपासून सुटका या तिन्हींना एकच शब्द आहे, त्या भाषेत माझा पेशंट घाबरतो कशाला हे मला त्या शब्दावरूनच कळतं. वाट चुकेल आणि परत येता येणार नाही, ही त्याची भीती आहे. म्हणून पानावर मी सगळ्यांत वर तो प्रश्न घातला जो प्रत्येकाच्या मनात असतो आणि दहातले आठजण विचारत नाहीत: "मी परत जागा होईन ना?" खाली उत्तर: "तुम्हाला झोपवून मी निघून जात नाही. ऑपरेशन संपून तुम्ही डोळे उघडेपर्यंत मी तुमच्या डोक्याशी असते. तुमचा प्रत्येक श्वास मी मोजत असते."

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे आवडलं नाही. लोकांना इतकं सांगितलं की ते जास्त घाबरतात, असं त्यांचं मत होतं. मला ते पटत नाही, आजही. भूलतज्ज्ञ सुई टोचतो आणि चहाला जातो असं अर्ध्या लोकांना खरंच वाटतं. ज्याला वाटतं की आपल्याला सोडून जाणार आहेत, तो गप्प राहिला तरी आतून घाबरलेलाच असतो.

आता वेळेबद्दल, कारण लोक मला पहिल्यांदा तेच विचारतात. पहाटे उठून लिहा, असं सगळे सांगतात. मी पाचला उठून बघितलं. नऊ दिवस जमलं. दहाव्या रात्री दोन सिझर झाली, घरी यायला साडेचार वाजले आणि ते तिथेच संपलं. ज्याचा दिवस दुसऱ्याच्या फोनवर चालतो त्याने ठरावीक वेळेच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत झालं आहे. वेळ चुकली की माणूस स्वतःवर नाराज होतो आणि त्या नाराजीपायी लिहिणं सोडतो.

मला उपयोगी पडली ती दोन केसमधली पंधरा-वीस मिनिटं. एक पेशंट रिकव्हरीत स्थिर झाला, वॉर्डबॉय मामा ओटी पुसताहेत, सिस्टर पुढची ट्रॉली लावताहेत, तेवढा वेळ. डॉक्टर रूममध्ये एक प्लास्टिकची खुर्ची आणि थंड झालेला चहा. तिथे मी फोनवर लिहिते. आणि दुसरा वेळ गाडीतला. साताऱ्याहून कोरेगावला जाताना माहुलीजवळ कृष्णेचा पूल लागतो. पूल ओलांडला की बऱ्यापैकी सरळ रस्ता आहे. तिथे मी फोनचं रेकॉर्डिंग चालू करून डॅशबोर्डवर ठेवून देते आणि उशाशी बोलते तसं बोलते. पहिल्यांदा फोनलाच लिहून घ्यायला सांगितलं होतं. त्याने "भूल" हा शब्द जिथे जिथे आला तिथे "फूल" लिहिलं. "आजींना फूल चढलं." मी ते आईंना दाखवलं, आणि तेव्हापासून नुसतं रेकॉर्ड करून रात्री हाताने उतरवते. उतरवण्यात जातो तो वेळ वाया नाही. बोललेलं जसंच्या तसं कागदावर चांगलं दिसत नाहीच. तीनदा म्हटलेलं एकदा करावं लागतं, अर्धवट सोडलेलं पुरं करावं लागतं. मात्र वाक्याचा श्वास बोलण्यातला ठेवायचा. जिथे मी गाडीत थांबले होते तिथेच पूर्णविराम.

केस चालू असताना फोन बॅगेत, यात मी कधीही तडजोड केली नाही. पल्स ऑक्सिमीटरचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत असेल, नाडीच्या प्रत्येक ठोक्याला तो टुक् करतो, आणि रक्तातला ऑक्सिजन उतरू लागला की त्या टुक्‌चा सूर खाली येतो. आकडा बघायच्या आधी कानाला कळतं. मी पाठमोरी होऊन सिरिंज भरत असले तरी माझा कान तिकडे असतो. डोक्यात लेखाचं वाक्य घोळत असेल तर तो सूर ऐकू येणार नाही. त्यामुळे ओटीत शिरताना मी मनात एकच वाक्य घेऊन जाते आणि तेही विसरायला मोकळी असते. दोन तासांनी बाहेर आल्यावर ते अजून आठवत असेल तर लिहिते. नसेल आठवत तर ते तेवढ्या लायकीचं नव्हतं.

लेखाच्या लांबीचा प्रश्न वाईने सोडवला, असं म्हणायला हरकत नाही. तिथे एका केसला उशीर होता आणि वाचनालयात बसून मी शतपत्रं चाळत होते. गोपाळ हरी देशमुखांनी सरकारी नोकरीत राहून १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात लोकहितवादी या नावाने ती लिहिली. १०८ पत्रं. शाळेत आम्हाला त्यांतले विचार शिकवले होते, आकार कुणी दाखवला नव्हता. एका पत्रात एकच विषय, समोरच्याला थेट सांगितलेला, आणि विषय संपला की पत्र संपलं. दिवसभर कचेरीचं काम करणाऱ्या माणसाच्या हातून होईल एवढं ते पत्र आहे. मी हजार शब्दांचे लेख लिहायचा हट्ट सोडला. चारशे शब्द, एक गोष्ट. सिझरनंतर कंबर दुखते ती पाठीतल्या सुईमुळे का, एवढाच एक लेख. (नाही. सुईच्या जागी चार दिवस दुखतं. नंतर वर्षानुवर्षं दुखते ती कंबर गरोदरपणात ताणलेले स्नायू, बाळाला वाकून पाजणं, आणि कुणी विश्रांती न देणं यांची. हे वाचून एका बाईंनी सुनेला पाटावरून उठवून खुर्चीवर बसवलं, असं त्या सुनेनेच मला सांगितलं. मला मिळालेल्या सगळ्या दादेत ही मोठी.)

२०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारोदारी फिरायला लागल्या. माझ्या ओटीतलं यंत्र एकाएकी घराघरांत आलं आणि लोक बोट घालून आकड्याकडे बघत बसले. मी तेव्हा इतकी दमलेली असायचे की लिहिणं बंदच होतं. एका रात्री मात्र आंघोळ करून, ओल्या केसांनी, मी एकटाकी लिहिलं: बोट थंड असेल तर आधी चोळा. नेलपॉलिश काढा, मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. घातल्या घातल्या दिसतो तो आकडा धरू नका, अर्धा मिनिट थांबा, स्थिर झाला की वाचा. सहा मिनिटं घरात चाला आणि परत बघा. ९४ च्या खाली राहिला तर सकाळची वाट बघू नका. आईंना वाचून दाखवायलाही त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते फोनवरून कुठच्या कुठे गेलं. त्यात एकही ताठ वाक्य नव्हतं, कारण ताठ राहायला अंगात जोरच उरला नव्हता. त्या लेखानंतर माझा मलाच भरवसा आला की हा आवाज आता आपला झालाय.

आणि त्या भरवशातच माझ्या हातून चूक झाली.

२०२२ मध्ये मी एका रात्रीच्या सिझरवर लिहिलं. नाव बदललं, गाव बदललं, महिना बदलला. पण पायरीवर बसलेल्या नवऱ्याच्या शर्टाला उसाचं पाचट चिकटलेलं होतं, हातात न उघडलेला डबा होता, आणि तो काय म्हणाला तेही मी लिहिलं, कारण ते मला विसरताच येत नव्हतं. तीन दिवसांनी त्याचा फोन आला. आवाजात राग नव्हता. "मॅडम, तुम्ही चांगलंच लिहिलंय. पण आमच्या घरातलं आमच्या घरात राहायला पाहिजे होतं."

मी त्यांच्या घरी गेले. ओसरीवर बसले, माफी मागितली. त्याच्या बायकोने चहा केला आणि बाळ माझ्या मांडीवर दिलं. ते दोघं मोठ्या मनाची होती म्हणून मला तिथे बसता आलं. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेचे २००२ चे नियम आम्हाला पाठ आहेत, पेशंटचं गुपित उघड करायचं नाही. मी समजत होते की नाव लपवलं म्हणजे गुपित राखलं. ज्याची गोष्ट आहे त्याला ती पाचटाच्या एका पात्यावरून ओळखू येते, आणि त्याच्या शेजाऱ्यालाही. लेखणीला जी गोष्ट सगळ्यांत जवळची वाटते, नेमकी तीच बहुतेक वेळा दुसऱ्याची असते.

चार महिने मी काही लिहिलं नाही. साप्ताहिकाला कामाचं कारण सांगितलं. खरं कारण आईंना माहीत होतं. त्यांनी मला लिही म्हटलं नाही, लिहू नकोही म्हटलं नाही. त्या फक्त रोज संध्याकाळी आठ वाजता जेवणाआधी, वाचून दाखवायच्या वेळेला, सोप्यात येऊन बसायच्या आणि रेडिओ लावायच्या.

परत सुरू केलं ते एका नव्या बंधनाने. दुसऱ्याची गोष्ट त्याला आधी वाचून दाखवायची, हो म्हणाला तर छापायची, आणि हो म्हणायलाही वर्षभर जाऊ द्यायचं. टाके ओले असताना माणूस डॉक्टरला नाही म्हणत नाही. बाकी लिहायचं ते स्वतःबद्दल. माझे हात, माझी यंत्रं, माझी भीती. भीती हो, कारण वीस वर्षांनंतरही नळी श्वासनळीत गेली की नाही हे कळेपर्यंतचे ते काही क्षण मला लांब वाटतात. हे मी आधी कधी लिहिलं नव्हतं. पेशंटने वाचलं तर काय म्हणेल असं वाटायचं. लिहिल्यावर एका पेशंटने प्री-ऑपरेटिव्ह तपासणीत मला सांगितलं, "तुम्हालाही भीती वाटते ते वाचलं. म्हणजे तुम्ही लक्ष द्याल." (ही ओळ त्यांना विचारून घातली आहे. पाचटाची वरची हकिकतही त्या दोघांना वाचून दाखवली आहे.)

गेल्या वर्षी आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरच्या माणसाला आपण भूल देत नाही, हात हलका राहत नाही. माझ्या मैत्रिणीने दिली, मी स्टूल घेऊन उशाशी बसले. आदल्या रात्री आईंनी मला ते पान वाचायला सांगितलं होतं, २०१८ चं, नंतर सहा-सात वेळा दुरुस्त केलेलं. आता मोतीबिंदू काढल्यावर त्यांना स्वतःला वाचता येत होतं, तरी "तूच वाच" म्हणाल्या. एकदाही बोट वर केलं नाही.

पाठीत सुई देताना त्या मांजरासारखी पाठ करून बसल्या, सांगितलं तशा. पाय आधी गरम लागले, मग जड झाले. पडदा बांधला. झोपेचं औषध नको म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही शाळेतल्या जुन्या गोष्टी बोलत राहिलो. मध्येच त्या गप्प झाल्या. पलीकडे हाड बसवायला ठोकाठोक सुरू झाली होती. माझ्या कानांना तो आवाज ऐकूच येत नाही, पल्स ऑक्सिमीटरच्या सुरापलीकडे मी काही ऐकत नाही. आईंची बोटं मात्र माझ्या हातात घट्ट झाली.

रिकव्हरीत आल्यावर त्यांनी चादरीखालून हात घालून मांडी चाचपली. बराच वेळ चाचपत राहिल्या.

"तू लिहिलंयस पाय बधिर होतात," त्या म्हणाल्या. "बधिर कान होतो गं. पाय परका होतो. दुसऱ्या कुणाचा तरी आणून शेजारी ठेवल्यासारखा. हाताला लागतो, पण आपला नाही. ते लिही, नाहीतर माणूस घाबरेल, पाय कापला का काय म्हणून."

"लिहिते."

"आणि ठोकल्याचा आवाज येतो. सुताराचं काम चालल्यासारखा. दुखत नाही, पण आवाज येतो. ते कुठेच नाहीये त्या पानात."

वीस वर्षं मी त्या आवाजापासून हातभर अंतरावर उभी आहे. शेकडो माणसांनी तो ऐकला असेल आणि त्यांतल्या कुणालाही मी आधी सांगितलं नव्हतं.

रात्री त्यांच्या पलंगाशेजारी बसून मी फोनमध्ये ते पान उघडलं. दोन्ही गोष्टी घातल्या, त्यांच्याच शब्दांत. पान एकाचं सव्वा झालं. हॉस्पिटलला एकच पान छापायचं असतं, म्हणून खालची यंत्रांची यादी काढून टाकली, आणि मग झोपलेल्या आईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात ते पहिल्यापासून वाचून बघितलं.